येरळेची वाळू आणि तिला सांधणारे जिवाणू

येरळा सातारा जिल्ह्यात उगम पावते आणि सांगली जिल्ह्यात संपते. खटावच्या डोंगरांतून निघायचं, नेर आणि येरळवाडीचे तलाव भरायचे, मग खानापूर, कडेगाव, तासगाव, पलूसच्या शिवारांतून खाली उतरत ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळायचं, एवढाच तिचा प्रवास. कृष्णा-कोयनेसारखं तिच्या माथ्यावर पावसाचं छत्र नाही. वर्षातले बरेच महिने तिच्यात दिसण्याजोगं पाणी नसतं. दिसायची ती वाळू, आणि त्या वाळूच्या पोटात पाणी असायचं. जुनी माणसं उन्हाळ्यात पात्रात झिरा खणायची. हात-दीड हात वाळू उपसली की तळाशी पाणी जमायला लागायचं, आणि वाटीनं घागर भरली जायची.

हे पाणी किती असतं याचा हिशेब सोपा आहे. वाळूच्या दोन कणांमध्ये फट असते. अशा फटींनी वाळूच्या ढिगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापलेला असतो. त्यातलं थोडं पाणी कणांना चिकटून राहतं, उरलेलं विहिरीला किंवा झिऱ्याला मिळतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट वाळू. तिच्या फटींतून साधारण सातशे लिटर पाणी हाती येऊ शकतं. म्हणजे चार ब्रासचा एक डंपर नदीतून बाहेर पडला की नदीच्या पोटातली अडीच-तीन हजार लिटर पाण्याची जागा गेली. ती जागा पुढच्या पावसाळ्यात आपोआप परत येत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाची वाळू व्हायला फार काळ लागतो. त्यात वरच्या बाजूला तलाव आणि बंधारे झाले की वरून येणारी वाळू तिथेच अडते.

या भागातल्या लोकांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९८०च्या दशकात खानापूर तालुक्याला दुष्काळानं घेरलं होतं, आणि १९८२ साली मुंबईचा गिरणी संप सुरू झाल्यावर गिरणगावातली माणसं गावाकडे परतली होती. त्या काळात डॉ. भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी यांनी उभ्या केलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीनं एक साधा प्रश्न विचारला : पाऊस कमी पडतो हे खरं, पण नदी का आटली? येरळेतून ठेकेदार वाळू नेत होते आणि काठच्या विहिरी खाली जात होत्या. बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी त्यावर जे केलं, त्याला महाराष्ट्राच्या पाण्याच्या इतिहासात तोड नाही. भाई संपतराव पवारांसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या पुढाकारानं गावकऱ्यांनी नदीवर स्वतः धरण बांधायचं ठरवलं. पैसा कुठून आणायचा? वाळूतून. ठेकेदारानं ओरबाडायची ती वाळू गावानं मोजून-मापून, थोडीच विकायची आणि तो पैसा धरणाला लावायचा. त्यासाठी सरकारशी झगडून गावाचा वाळूवरचा हक्क मागावा लागला. श्रमदान झालं, बाहेरून विद्यार्थी आले, मदत आली. अभियंता म्हणून के. आर. दाते उभे राहिले. माती आणि पायाभरणी या विषयातले ते देशातले नामवंत जाणकार. सिमेंट-पोलाद कमीत कमी आणि जवळपास मिळणारं साहित्य जास्तीत जास्त, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. दशक संपता संपता ‘बळीराजा स्मृती धरण’ उभं राहिलं. पाण्याची वाटणी जमिनीच्या एकरांवर न करता भूमिहीनांसह सगळ्या कुटुंबांचा हक्क मानून करायची, हे तत्त्व तिथे धरलं गेलं. पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांमधून समन्यायी पाणीवाटपाची जी मागणी गाजली, तिची एक मुळी इथे आहे.

जिवाणूंवरच्या लेखात मी हे एवढं सविस्तर का सांगतोय? कारण वाळूला पर्याय शोधणारी कुठलीही नवी युक्ती सातारा-सांगलीत आली, तर तिची परीक्षा याच नदीकाठी व्हायला हवी असं मला वाटतं. जिवाणूंनी सांधलेल्या विटेची ताकद किती, हा प्रश्न झालाच. त्याच्या बरोबरीनं वाळू कुणाची, पाणी कुणाचं आणि सांडपाणी कुणाच्या विहिरीत, हेही विचारलं पाहिजे.

वाळूची ओढ किती आहे हे वेगळं सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२च्या अहवालानुसार जग वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरतं. पाण्याच्या खालोखाल माणूस इतका दुसरा कुठलाच पदार्थ उचलत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१२मध्ये दीपक कुमार खटल्यात छोट्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. महाराष्ट्र सरकारनं २०२३मध्ये ६०० रुपये ब्रासनं सरकारी डेपोतून वाळू द्यायचं धोरण आणलं. २०२५मध्ये डेपो बाजूला ठेवून पुन्हा लिलावाची वाट धरली, घरकुलांना पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं ठरवलं आणि दगडापासून बनवलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन देणारं वेगळं धोरण आणलं. धोरणं बदलत राहिली. माणगंगेच्या आणि येरळेच्या काठावर रात्रीचे ट्रॅक्टर, तहसीलदारांची पथकं आणि जप्त वाळूचे ढीग यांच्या बातम्या मात्र थांबल्या नाहीत.

गवंड्याला विचारा, तो अजूनही नदीची वाळूच मागतो. मूठभर वाळू घेऊन तो तळहातावर चोळतो, मग टाकून देतो आणि हाताला किती गाळ लागला ते बघतो. गिलाव्याला चाळलेली नदीची वाळू थापीखाली सरळ पसरते. क्रशरच्या वाळूत बारीक भुकटी जास्त असते, कणांना धार असते, माल ओढून धरतो. भारतीय मानकानं २०१६ साली ही वाळू रीतसर स्वीकारली, आणि नीट धुतलेली, नीट प्रतवारीची क्रश सँड काँक्रीटला उत्तमही आहे. पण क्रशरवर खडी आणि क्रश सँड वेगळी काढल्यावर मागे जी कच उरते, तिचे ढीग कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत कुठल्याही खाणीच्या तोंडाशी दिसतील. वाऱ्यावर ती शेजारच्या द्राक्षबागेवर बसते. तिला गिऱ्हाईक कमी, भाव कमी.

जिवाणूंची गोष्ट मला इथून, ही कच सांधता येईल का या प्रश्नापासून, सुरू करावीशी वाटते.

१९७३ साली स्पेनमधल्या बोके, बोरोनाट आणि रामोस-कोर्मेन्झाना या तिघा संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध छापला. मातीतले दोनशेहून अधिक जिवाणू त्यांनी योग्य खाद्यावर वाढवले, आणि त्या सगळ्यांनी कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीचेच, स्फटिक तयार केले. हा गुण एखाद्याच जिवाणूचा नसून मातीत सर्वत्र आहे, असा त्यांचा निष्कर्ष. माण-खटावच्या शेतकऱ्याला यात फारसं नवल वाटणार नाही. त्याच्या रानात हातभर खाली चुनखडीचे खडे लागतातच.

बांधकामासाठी ज्याच्यावर सर्वांत जास्त काम झालं त्या जिवाणूचं नाव स्पोरोसार्सिना पाश्चुरी. हा मातीत राहतो, रोगकारक नाही, आणि त्याच्याजवळ युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. गोठ्यात सकाळी नाकात झोंबणारा जो वास येतो, तो हेच विकर तयार करतं : गोमूत्रातल्या युरियाचे तुकडे होऊन अमोनिया सुटतो. त्याच वेळी दुसऱ्या बाजूला कार्बोनेट तयार होतं आणि पाणी अल्कधर्मी होतं. त्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम असेल तर कार्बोनेट आणि कॅल्शियम मिळून कॅल्साइट बनतं. जिवाणूच्या पेशीभित्तीवर ऋण भार असतो, तिथे कॅल्शियम ओढलं जातं, आणि स्फटिक त्या पेशीच्या अंगावरच वाढू लागतो. शेवटी जिवाणू आपणच केलेल्या दगडात बंद होतो. वाळूत हे घडलं तर स्फटिक दोन कणांच्या सांध्यात बसतात आणि कण एकमेकांना धरून राहतात.

प्रयोगशाळेत हे बघायला फार साधनं लागत नाहीत. प्लॅस्टिकची एक मोठी सिरिंज घ्यायची, सुई काढायची, तळाशी स्पंजचा किंवा जाळीचा तुकडा ठेवायचा आणि धुतलेली वाळू ठोकून भरायची. वरून जिवाणूंचं पिवळसर, गढूळ पाणी ओतायचं आणि काही तास तसंच राहू द्यायचं, म्हणजे जिवाणू कणांना चिकटतात. मग युरिया आणि कॅल्शियम क्लोराइड यांचं नितळ द्रावण हळूहळू सोडायचं. थोड्या वेळात खालच्या नळीतून जे पाणी ठिबकतं त्याला अमोनियाचा उग्र वास येऊ लागतो. काम सुरू झाल्याची ती खूण. दुसऱ्या दिवशी पुन्हा द्रावण, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दरवेळी पाणी खाली उतरायला जास्त वेळ लागतो, कारण फटी अरुंद होत जातात. पाचसहा फेऱ्यांनंतर सिरिंज उभी चिरली की आतून वाळूचा एक दंडगोल निघतो. तो बोटानं भुरभुरत नाही, नखानं ओरखडला तर नखच झिजतं. वरच्या टोकाला पांढरी पुटं जाड, खाली पातळ. जिथून द्रावण आत शिरतं तिथेच चुना जास्त साठतो आणि पुढच्याची वाट अडवतो. या तंत्रातली सगळ्यात चिवट अडचण या एवढ्याशा दंडगोलात दिसते.

मोठ्या मापावर तीच अडचण मोठी होते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला लिऑन व्हान पासेन आणि सहकाऱ्यांनी १०० घनमीटर वाळू एका टाकीत भरून तिच्यातून हे द्रावण फिरवलं. त्याचा अहवाल २०१०मध्ये आला. वाळूचा मोठा भाग खरोखरच दगड झाला, पण एका जागी त्याची ताकद ०.७ मेगापास्कल तर दुसऱ्या जागी १२ मेगापास्कलच्या वर. आपल्या नेहमीच्या भाजक्या विटेला मानकानुसार किमान ३.५ मेगापास्कल लागतात. म्हणजे त्या एकाच टाकीत विटेच्या तिप्पट मजबूत दगडही होता आणि भिंतीत घालू नये असा ढेकूळही होता. घर बांधणाऱ्याला सरासरी ताकद उपयोगाची नसते, सगळ्यात कच्ची वीट किती भार घेईल ते त्याला कळायला हवं.

तरी पाऊल पुढे पडत गेलं. पर्थच्या मर्डोक विद्यापीठात व्हिक्टोरिया व्हिफिन यांच्या २००४च्या प्रबंधानं ‘बायोसिमेंट’ हा विषय अभियंत्यांच्या टेबलावर आणून ठेवला. अमेरिकेत जिंजर क्रीग डोसिअर या वास्तुविशारद महिलेनं २०१२ साली बायोमेसन ही कंपनी काढून भट्टीशिवाय फरशा बनवायला घेतल्या. भारतात पतियाळाच्या थापर संस्थेत सुधाकर रेड्डी, अभिजित मुखर्जी, वरेण्यम अचल यांच्या गटानं फार व्यवहारी प्रश्न हाती घेतला : जिवाणूंना महागडं प्रयोगशाळेचं खाद्य कशाला, दूधउद्योगातून उरणारं दुग्धशर्करेचं पाणी चालतं का? त्यांनी २००९मध्ये दाखवून दिलं की चालतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आलोक कुमार आणि कौशिक विश्वनाथन यांनी इस्रोच्या शास्त्रज्ञांसोबत चंद्रावरच्या मातीसारखी भुकटी, युरिया, हाच जिवाणू आणि गवारीच्या बियांचा डिंक यांपासून विटा केल्या. २०२०मध्ये त्याची बातमी झाली आणि सगळ्यांचं लक्ष चंद्राकडे गेलं. माझं लक्ष गवारीच्या डिंकाकडे गेलं. डिंक घातल्यावर ताकद वाढते, हा त्यांचा निष्कर्ष आपल्या जुन्या गवंड्यांच्या ज्ञानाशी जुळतो. घाण्यात मळलेल्या चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर घालण्याची रीत याच मुलखात होती. जुने घाट, जुनी देवळं अशाच चुन्यात उभी राहिली. तो चुनाही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून शेवटी कॅल्साइटच होतो. फरक इतकाच की तिथे आधी चुनखडी भट्टीत भाजावी लागते. जिवाणू हे काम तीस अंशांच्या आसपास, भट्टीशिवाय करतो.

सिमेंटच्या भट्टीत दगड साडेचौदाशे अंशांपर्यंत तापतो, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनातला सुमारे ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे. म्हणून भट्टी नको म्हटलं की मन लगेच होकार देतं. पण हिशेब इथे संपत नाही, इथून सुरू होतो.

तीन किलोची एक वीट घेऊ आणि तिच्यात दहावा हिस्सा कॅल्साइट लागतो असं धरू. म्हणजे ३०० ग्रॅम. रसायनशास्त्राच्या साध्या समीकरणानं त्याला १८० ग्रॅम युरिया आणि ३३० ग्रॅमच्या वर कॅल्शियम क्लोराइड लागतं. मागे उरतं ३२० ग्रॅम अमोनियम क्लोराइड. हजार विटांना १८० किलो युरिया म्हणजे ४५ किलोची चार पोती. हा युरिया शेतकऱ्याच्या अनुदानाचा, निंबोळी लावलेला युरिया नव्हे, तो उद्योगाला वापरणं कायद्यानं गुन्हा आहे. उद्योगासाठीचा युरिया वेगळा येतो आणि त्याला अनुदान नाही. शिवाय युरिया स्वतः नैसर्गिक वायूपासून बनतो. भट्टी गावातून गेली, पण तिचा धूर खतकारखान्यात निघालाच. पाणीही लागतं : विटेच्या फटींत दरवेळी अर्धा-पाऊण लिटर द्रावण मावतं, पाच फेऱ्या म्हटल्या तरी विटेमागे तीन लिटर. टँकरवर जगणाऱ्या माणमध्ये तीन लिटरलाही किंमत आहे.

आणि त्याहून मोठा प्रश्न खालच्या नळीतून ठिबकणाऱ्या त्या वासाच्या पाण्याचा. नेहमीच्या तीव्रतेचं द्रावण वापरलं तर त्या पाण्यात लिटरमागे २८ ग्रॅमपर्यंत नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अमोनियाची मर्यादा लिटरला अर्धा मिलिग्रॅम आहे. भागाकार केला तर पन्नास हजार पटींच्या वर जातो. हे पाणी येरळेच्या पात्रात सोडायचा विचारही नको.

इथे कुणी म्हणेल, नायट्रोजन म्हणजे खत, उसाला द्या. हजार विटांच्या सांडपाण्यात साधारण ८० किलो नायट्रोजन असतो, सुरू उसाला हेक्टरी अडीचशे किलोची शिफारस आहे, म्हणजे हिशेब जुळतो. अमोनियम क्लोराइड काही देशांत भाताला खत म्हणून देतातही. पण त्या नावातला क्लोराइड विसरता येत नाही. वाळवा, पलूस, मिरज भागात कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी वर्षानुवर्षांच्या पाटपाण्यानं आणि निचरा नसल्यानं क्षारपड झाल्या आहेत. पांढरे फटक पडलेले ते तुकडे ज्यानं पाहिलेत, तो त्यांत आणखी मीठ ओतायला तयार होणार नाही. द्राक्षाच्या मुळ्यांनाही क्लोराइड सोसत नाही. म्हणून सांडपाण्यातून अमोनिया आधी वेगळा काढायचा, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट घालून स्ट्रुव्हाइट नावाचं घन खत करायचं, आणि उरलेलं खारं पाणी बाष्पीभवनाच्या टाकीत आटवायचं, असा रस्ता आहे. तो खर्चिक आहे. हा खर्च विटेच्या किमतीत न धरता कुणी या विटेला हिरवी वीट म्हणत असेल, तर त्याला गावानं दारात उभं करू नये.

हे सगळं मांडल्यावर येरळेच्या पात्रातच जिवाणू सोडून वाळूत भूमिगत बंधारा करण्याच्या कल्पनेबद्दल बोलता येईल. वाळूच्या फटी चुन्यानं बुजवून पाणी अडवणं शास्त्रात शक्य आहे, त्यावर प्रयोग झालेत, आणि कागदावर ही कल्पना फार सुंदर दिसते. वाळू उचलायची नाही, जागेवरच तिची भिंत करायची. मीही तिच्या मोहात पडलो. पण त्याच वाळूतून गावाची पिण्याची विहीर भरते. अमोनियाचं पाणी तिथे उतरलं की पुढे त्याचं नायट्रेट होणार, आणि नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नदीच्या पात्रात युरियावर चालणारं हे तंत्र नको, असं माझं स्पष्ट मत आहे. वाळू नदीत मोकळी राहू दे, तिच्या फटी उघड्याच राहू देत.

मग हे तंत्र इथे कशासाठी?

पहिली जागा म्हणजे खाणीच्या तोंडाशी पडलेली ती कच. तिला नदीतून आणावं लागत नाही, ती उडून शेजाऱ्याला त्रास देते, आणि बंद छपराखाली, सिमेंटच्या टाकीवर, सांडपाणी एका जागी गोळा होईल अशा रीतीनं काम करता येतं. तिथून लगेच घराच्या भिंतीची वीट काढायचा हट्ट नको. अंगणातल्या फरशा, बांधाच्या कडेचे ठोकळे, खाणीतल्या रस्त्यावरची धूळ दाबणं, उघड्या ढिगाऱ्यावर पातळ कडक साल आणणं इथून सुरुवात करावी. धुळीसाठी लागणारं कॅल्साइट विटेच्या मानानं फार थोडं, त्यामुळे युरिया आणि सांडपाणीही त्याच प्रमाणात थोडं.

दुसरी जागा जुन्या दगडी बांधकामांची. फ्रान्समध्ये तुआर गावच्या सेंट मेदार्द चर्चच्या मनोऱ्यावर १९९३ सालीच जिवाणूंनी चुन्याचा पातळ थर चढवण्याचा प्रयोग झाला. तिथला दगडच चुनखडीचा. आपले घाट काळ्या दगडाचे, त्यामुळे त्या दगडावर काही करण्याची गरज नाही, पण चिऱ्यांमधल्या चुन्याच्या दर्जा, म्हणजे सांधे, खिळखिळ्या झाल्या आहेत. २०१९च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली, २०२१मध्ये पुन्हा महापूर आला. अशा पाण्यात दिवसचे दिवस बुडालेल्या घाटांच्या दर्जांतून चुना निघून जातो. मग दुरुस्ती म्हणून तिथे सिमेंट कोंबलं जातं. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, मागचा मूळचा चुना आणखी सडतो. दर्जेत पुन्हा चुना-वाळूच भरावी आणि ती घट्ट करायला जिवाणूंचा वापर करून बघावा, हे मला घरबांधणीपेक्षा कितीतरी जास्त योग्य वाटतं. माल थोडा, कारागिरी जास्त, आणि चुन्याला चुनाच जोडला जातो.

तिसरी जागा भेगांची. डेल्फ्टच्याच हेन्क योन्कर्स यांनी जिवाणूंचे बीजाणू आणि कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्येच मिसळायची पद्धत काढली. भेग पडून पाणी आत गेलं की बीजाणू जागे होतात आणि भेग बुजवतात. या पद्धतीत युरिया नाही, म्हणून अमोनियाही नाही. २०११च्या त्यांच्या निबंधात ०.४६ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बुजल्याची नोंद आहे. पाझर तलावाच्या सांडव्याची किंवा शेततळ्यावरच्या टाकीची केसाएवढी भेग या मापात बसते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची गळती मात्र बहुतेकदा बर्ग्यांच्या फटींतून होते, तिथे जिवाणूचं काही चालणार नाही. तिथे वेळेवर बर्गे बसवणारा माणूस लागतो.

आपल्याकडे काय तयार आहे, याचाही विचार करायला हवा. तासगाव-पलूसचा द्राक्षबागायतदार दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये गूळ-बेसन घालून जीवामृत करतो, ट्रायकोडर्मा वाढवतो. जिवाणू वाढवणं त्याला परकं नाही. बॅरलमध्ये नको ते जंतू वाढतात ही अडचण खरी, पण स्पोरोसार्सिनाला जे अमोनियायुक्त, अल्कधर्मी पाणी मानवतं त्यात बाकीचे बरेच जंतू टिकत नाहीत, ही जमेची बाजू. खानापूर-आटपाडीची माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोन्या-चांदीच्या गलाईचा, म्हणजे ती वितळवून शुद्ध करण्याचा, धंदा करत आलीत. आम्ल किती, ताप किती, वास कसा आला की थांबायचं, हे ज्ञान त्या घरांमध्ये आहे, आणि दुर्दैवानं त्या धंद्यातल्या धुराचे दुष्परिणामही त्या घरांनीच सोसले आहेत. रसायनाशी काम करताना छपराला झरोका का हवा हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट या दोन्ही जिल्ह्यांच्या शिवारात खरिपाला उभीच असते : सोयाबीन. युरिएज हे विकर फक्त जिवाणूंत नाही, द्विदल बियांतही असतं. जेम्स समनर यांनी १९२६ साली अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या बियांमधून ते स्फटिकरूपात वेगळं केलं. विकराचे स्फटिक मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यासाठी १९४६मध्ये त्यांना नोबेलचा वाटा मिळाला. कच्च्या सोयाबीनमध्ये हे विकर इतकं असतं की पशुखाद्य करताना पेंड नीट भाजली गेली की नाही हे त्यावरूनच तपासतात. सोयाबीनचं पीठ पाण्यात भिजवून गाळलं की ते पाणी जिवाणूच्या ऐवजी वापरून वाळू बांधण्याचे प्रयोग जगात अनेक ठिकाणी चालू आहेत. विकराचे रेणू जिवाणूपेक्षा कितीतरी लहान, म्हणून कचेच्या बारीक फटींतही ते शिरतात. पावसात भिजून डागाळलेलं सोयाबीन बाजार समितीत कवडीमोल जातं. त्याचं विकर कितपत शाबूत राहतं हे मोजणं एखाद्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेला अजिबात अवघड नाही.

प्रयोगशाळा आहेत. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७चं, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०चं. दाब देऊन ठोकळा फोडायचं यंत्र आणि पाण्यातला अमोनिया मोजायची सोय ही अशा संस्थांची रोजची साधनं. हवा तो एक अट घालणारा हात : ठोकळ्याची ताकद जिथे छापली जाईल त्याच तक्त्यात, शेजारच्या रकान्यात, त्या ठोकळ्यामागे किती लिटर सांडपाणी निघालं आणि त्याचं काय केलं हेही छापायचं. बलवडीला धरणाच्या बांधणीबरोबर पाणी कुणाला किती, हाही प्रश्न हाती घेतला गेला होता. त्याच शिस्तीनं हे काम व्हावं.

करायचंच तर माझ्या मनात क्रम असा आहे. दिवाळीनंतर सोयाबीन घरात आलेलं असतं, तेव्हा प्रयोगशाळेत कच आणि सोयाबीनचं पाणी यांचे ठोकळे घालावेत. फेब्रुवारीत कृष्णेची पातळी उतरली की एखाद्या घाटाच्या चार पायऱ्या निवडाव्यात. दोन पायऱ्यांच्या दर्जा नुसत्या चुना-वाळूनं भराव्यात, दोनच्या दर्जा त्याच मालानं भरून वर विकराचं पाणी आणि द्रावण द्यावं. खाली ताडपत्री आणि घमेली लावून ठिबकलेला थेंब न्‌ थेंब गोळा करावा, कारण नदी चार हातांवर आहे. पुरातत्त्व खात्याची किंवा देवस्थानाची परवानगी आधी घ्यावी, आणि काम गावच्या गवंड्याच्या हातून करावं. ऑक्टोबरमध्ये पाणी ओसरलं की त्याच गवंड्यानं थापीचं टोक घेऊन चारही पायऱ्यांच्या दर्जा टोकरून बघाव्यात, आणि काय दिसलं ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावं.